माजी सैनिकाच्या पाल्याला सवलत, माजी सैनिकाला का नाही?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात अलीकडेच एका वाचकांनी ‘नीट’ परीक्षेची कमाल वयोमर्यादा पुन्हा लागू करावी, अशी मागणी केली आहे. चाळिशीतल्या माणसाला आरोग्य शाखेत प्रवेश देणे म्हणजे एखाद्या होतकरू मुलाची जागा अडवणे आणि समाजाला मिळू शकणारी पंधरा-वीस वर्षांची सेवा वाया घालवणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पत्र संयत होते आणि त्यातला मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. रात्री पाठांतर होईनासे झाले की तोच प्रश्न मी स्वतःला विचारत आलो आहे. मी ४३ वर्षांचा आहे. सैन्याच्या वैद्यकीय दलात १९ वर्षे काढून २०२१ मध्ये बाहेर पडलो आणि सध्या फिजिओथेरपीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जागा अडवणाऱ्याचीही बाजू छापून यावी, आणि त्या निमित्ताने प्रवेशाच्या नियमांत राहून गेलेली एक विसंगती संबंधितांच्या नजरेस यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वयोमर्यादेविषयी आधी थोडे. खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षे, अशी मर्यादा २०१८ मध्ये घालण्यात आली होती. ती न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे त्याहून मोठ्या उमेदवारांना परीक्षेस बसता येऊ लागले, आणि अखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ती काढून टाकण्याचा निर्णय घेऊन मार्च २०२२ मध्ये तो जाहीर केला. महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवरच होत असल्याने माझ्यासारख्याची वाट त्या एका निर्णयाने खुली झाली. तो निर्णय झाला नसता, तर आज मी एखाद्या बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असतो. त्या कामात कमीपणा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. माझे निम्मे सोबती तेच करतात आणि नेकीने करतात. पण सैन्यातून अडतीस-चाळीसच्या वयात बाहेर पडणाऱ्या धडधाकट माणसाला पहारेकरी होण्यापलीकडे काही शिकता येईल, ही शक्यताच आपल्याकडे कोणी धरून चालत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मला फिजिओथेरपीचे वेड कोठून लागले, हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. सैन्यात मी नर्सिंग असिस्टंट होतो. या पदासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असावे लागते. मी २००१ मध्ये विज्ञान शाखेतून बारावी झालो होतो आणि पुढच्याच वर्षी भरती होऊन लखनौला प्रशिक्षणासाठी गेलो. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका लष्करी रुग्णालयात माझी नेमणूक असताना सुरुंगस्फोटात गुडघ्याखाली पाय गेलेला एक जवान वॉर्डात आला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. रात्री तो कळवळायचा, म्हणून मी त्याच्या गुडघ्याखाली एक उशी ठेवली आणि त्याला तेवढ्याने झोप लागली. मी रोज ठेवू लागलो. काही दिवसांनी फिजिओथेरपी विभागातले एक हवालदार फेरीला आले, त्यांनी पांघरूण बाजूला केले, उशी उचलून माझ्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘आज तू याला झोप दिलीस, पण उद्याची चाल काढून घेतलीस.’’ मग त्यांनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याचे साधन, लावून दाखवले. वाकवून ठेवलेला गुडघा दहा अंशांवर अडकला होता, पूर्ण सरळ होत नव्हता. आणि सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही. ते दहा अंश परत मिळवायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत तो जवान मला शिव्या घालीत होता की त्या हवालदारांना, हे सांगणे कठीण आहे. उरलेल्या पायाला पट्टी कशी बांधायची हे मला येत होते. ती आडवी गोल न गुंडाळता इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तिरकीच का न्यायची, टोकाशी घट्ट आणि वर सैल का ठेवायची, हे त्या दिवसापर्यंत मी कोणाला विचारले नव्हते.

सैन्यात फिजिओथेरपीचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले जवान असतात, पण मी त्यांच्यापैकी नव्हतो आणि पुढे ती संधीही आली नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून काम करीत आहे; पाठीच्या कण्याला मार बसलेल्या जवानांना खडकीला चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळताना पाहिले, की शस्त्रक्रिया संपते तेथून खरे काम सुरू होते हे कोणालाही समजते. मला ते फार आधी समजले होते. ते शिकायचे कोठे, एवढेच समजत नव्हते.

मार्च २०२२ मध्ये वयोमर्यादा गेल्याची बातमी वाचली आणि जुलैत परीक्षेला बसलो. व्हायचे तेच झाले. जीवशास्त्र बरे गेले, कारण ते १९ वर्षे डोळ्यांसमोर होते. भौतिकशास्त्राने मात्र चारी मुंड्या चीत केले. माझी मुलगी तेव्हा नुकतीच आठवी झाली होती. तिच्या पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करून मी नववी, दहावी, अकरावी असा चढत गेलो आणि मे २०२३ मध्ये पुन्हा बसलो. या वेळी गुण एवढे आले की सातारा जिल्ह्याच्या बाहेर, पण शनिवारी घरी येऊन सोमवारी पहाटे परतता येईल अशा अंतरावरच्या एका खासगी महाविद्यालयात गुणवत्तेवर जागा मिळाली. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतल्या जागा अगदी मोजक्या असतात. त्या माझ्या आवाक्यात नव्हत्या. म्हणजे ज्या जागेवर सरकारचा पैसा सर्वाधिक खर्च होतो, ती मी घेतलेली नाही, ही गोष्ट त्या पत्रलेखकांनी कृपया लक्षात घ्यावी.

प्रवेशाच्या वेळी बारावीनंतरच्या २२ वर्षांच्या खंडाचा दाखला मागण्यात आला. मी सैन्याचे डिस्चार्ज बुक पुढे केले. लिपिकाने ते उलटसुलट करून पाहिले आणि गॅप सर्टिफिकेटच लागेल, असे सांगितले. तेव्हा त्या खंडात मी कोठे होतो, याचे प्रतिज्ञापत्र करून आणले. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो तर पहिला प्रश्न ‘‘मुलाचे आधार कार्ड आणलेय का?’’ असा आला, आणि कर्ज माझ्याच शिक्षणासाठी आहे हे कळल्यावर सहकर्जदार म्हणून वडिलांचे नाव विचारण्यात आले. वडील नाहीत. बऱ्याच फेऱ्यांनंतर पत्नी सहकर्जदार झाली. आयकर कायदा शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची वजावट देताना स्वतःसाठी, जोडीदारासाठी किंवा मुलांसाठी घेतलेले कर्ज, असा स्पष्ट उल्लेख करतो. कायदा करणाऱ्यांना प्रौढ विद्यार्थी सुचला होता. काउंटरवर तो अजून पोचायचा आहे.

सर्वांत मजेचा प्रसंग रॅगिंगविरोधी हमीपत्राचा. ते विद्यार्थ्याने द्यायचे असते आणि पालकानेही द्यायचे असते, त्याला वयाचा अपवाद नाही. त्यामुळे माझ्या सत्तरीच्या आईने, आपला मुलगा महाविद्यालयात कोणाचा छळ करणार नाही आणि केल्यास होणारी कारवाई आपल्याला मान्य आहे, अशा मजकुराखाली सही केली. सही करण्यापूर्वी तिने मला रॅगिंग म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘बाबा रे, खरंच असलं काही करू नकोस हं. पोरं लहान असतील.’’

पोरे खरोखरच लहान होती. वर्गात पहिले काही आठवडे मला ‘सर’ म्हणत, कारण पहिल्या दिवशी मी आत शिरलो तेव्हा वर्ग उठून उभा राहिला होता. नंतर ‘काका’ रूढ झाले. फिजिओथेरपीत शिकण्याचे पहिले साधन म्हणजे शेजारचा विद्यार्थी. सांध्याची हालचाल मोजायची, स्नायू बोटांनी चाचपून ओळखायचे, ते सारे एकमेकांच्या अंगावर. चाळिशीच्या माणसाचा जोडीदार व्हायला सुरुवातीला कोणी धजेना, आणि त्यांचा संकोच मला समजत होता. पण एके दिवशी आमच्या मॅडमनी सर्वांना माझ्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवायला सांगून मला गुडघा वाकवायला लावला. आत करकर झाली. पुस्तकात वाचलेले क्रेपिटस हाताला कसे लागते, ते अठरा वर्षांच्या निरोगी गुडघ्यांच्या त्या वर्गात माझ्याखेरीज कोणी दाखवू शकत नव्हते. तेव्हापासून प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी माझ्या गुडघ्याला मागणी असते.

आता वयाचा तोटा कोठे होतो, तेही लपवत नाही. पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री राहिला आणि दुसऱ्या खेपेला निघाला. मानेतून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याची, म्हणजे ब्रॅकियल प्लेक्ससची, आकृती वर्गातली मुले दोन दिवसांत काढू लागली. मला दोन महिने लागले, आणि अजूनही काढताना बाहेरच्या बाजूची दोरी कोणत्या दोन फाट्यांपासून बनते तेथे पेन अडखळते. पक्षाघाताच्या जडशीळ रुग्णाला खाटेवरून खुर्चीत घेताना माझी कंबर मला दुसऱ्या दिवशी आठवण करून देते. वसतिगृहात मला घेतले नाही. ते कारण मला पटले, मुलांच्या खोलीत बापाच्या वयाचा माणूस ठेवणे त्यांच्यावरही अन्याय होता. ही सगळी किंमत ज्याची त्याने मोजावी, त्याबद्दल माझी काही मागणी नाही.

माझी हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. यंदा माझी मुलगी बारावीला आहे आणि तिनेही ‘नीट’साठी नाव नोंदवले आहे. पुढच्या प्रवेशप्रक्रियेसाठी तिची कागदपत्रे जमवताना, मी स्वतःसाठी तीन वर्षांपूर्वी भरला होता तसाच फॉर्म पुन्हा नजरेखालून घालीत होतो. त्यात संरक्षण दलांचे आरक्षण आहे. ते माजी सैनिकांच्या आणि सेवेतल्या सैनिकांच्या पाल्यांसाठी आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या यादीत फिजिओथेरपीही आहे. तीही माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि विधवांसाठी. म्हणजे १९ वर्षे नोकरी मी केली, पण त्या नोकरीबद्दल शिक्षणातली जी सवलत देशाने आणि राज्याने ठेवली आहे, ती माझ्या मुलीला मिळते, मी मेलो तर माझ्या पत्नीला मिळते, मी जिवंत असेपर्यंत मात्र मला मिळत नाही. नोकरीत तसे नाही. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांत १५ टक्के समांतर आरक्षण माजी सैनिकाला स्वतःला आहे. लिपिक व्हायचे असेल तर मी माजी सैनिक. विद्यार्थी व्हायचे असेल तर मी फक्त एका पाल्याचा बाप! ज्यांनी हे नियम लिहिले त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, हे उघड आहे. सैनिक निवृत्त होतो म्हणजे म्हातारा होतो आणि शिकायचे असते ते त्याच्या मुलांनी, असे चित्र त्यांच्यासमोर होते, आणि २५ वर्षांची वयोमर्यादा होती तोवर ते चित्र निदान सुसंगत तरी होते. २०२२ मध्ये मर्यादा गेली. सवलतींच्या व्याख्या होत्या तेथेच राहिल्या.

सैनिकाला स्वतःला पुन्हा शिकवण्याची कल्पना नवी नाही आणि फिजिओथेरपीशी तर तिचे जुने नाते आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी आर्थर पिअर्सन यांनी १९१५ मध्ये लंडनमध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. पिअर्सन स्वतः वृत्तपत्राचे मालक होते, ‘डेली एक्स्प्रेस’ त्यांनीच सुरू केला होता, आणि काचबिंदूने त्यांचीही दृष्टी गेली होती. तेथे सैनिकांना जे व्यवसाय शिकवले जात, त्यांत अंगमर्दनाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण होते, आणि ते घेऊन बाहेर पडलेले आंधळे जवान दुसऱ्या जखमी जवानांवर उपचार करू लागले. आजच्या फिजिओथेरपीची एक मुळी त्या अंगमर्दनात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेने जून १९४४ मध्ये कायदा करून परतणाऱ्या सैनिकांची महाविद्यालयाची फी आणि निर्वाहभत्ता सरकारवर घेतला. १९४७ मध्ये तेथे महाविद्यालयांत दाखल झालेल्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. त्यांच्यात बायका-मुले असलेले पुष्कळ होते आणि त्यांच्यामुळे महाविद्यालयांची शिस्त बिघडली, असे कोणी म्हटल्याचे मी वाचलेले नाही.

पत्रलेखकांच्या सेवावर्षांच्या हिशेबाकडे आता येतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यातली सहा महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) संपवून मी २०२८ च्या सुरुवातीला बाहेर पडेन, तेव्हा ४५ च्या उंबरठ्यावर असेन. पासष्टीपर्यंत काम केले तर वीस वर्षे होतात. माझ्या वर्गातली हुशार मुले परदेशातल्या परीक्षांची चौकशी आतापासूनच करीत आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे. मी मात्र खटाव तालुक्यातल्या माझ्या गावाकडेच परत जाणार आहे, कारण माझे घर, शेत आणि आई तेथे आहे. आमच्या गावाहून फिजिओथेरपीसाठी आजही ३० किलोमीटर जावे लागते. पक्षाघाताच्या माणसाला आठवड्यातून तीनदा रिक्षा करून न्यायचे तर घरातल्या एकाची मजुरी बुडते. महिन्याभरात न्यायचे थांबते, आणि हात छातीशी वळून कायमचा अडकतो. तेव्हा एका जागेतून किती वर्षे निघाली यापेक्षा ती वर्षे कोठे गेली, हे मोजले तर माझा ताळेबंद फार वाईट दिसू नये.

आणखी एक सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या रुग्णालयात मधुमेहामुळे पाय गुडघ्याखाली काढावा लागलेले एसटीचे एक निवृत्त चालक होते. ते उरलेला पाय पंचाखाली झाकून ठेवीत, कोणाला पाहू देत नसत. आणि पंचाखाली, अर्थातच, उशी होती. सुनेने प्रेमाने ठेवलेली. माझ्याबरोबरच्या मुलीने त्यांना ती काढायला अगदी बरोबर शब्दांत, बरोबर कारण देऊन सांगितले, पण त्यांनी मान फिरवली. मी बाजूला बसलो आणि माझ्या हातून २० वर्षांपूर्वी झालेली चूक त्यांना आणि सुनेला सांगितली. सुनेने उशी काढली. यात माझी हुशारी काही नाही, त्या मुलीचे ज्ञान माझ्याहून पक्के आहे. पण साठ-पासष्टीच्या माणसाला दुखणारा व्यायाम करायला लावायचा असतो तेव्हा सांगणाऱ्याच्या डोक्यावरचे चार पांढरे केस कधीकधी कामी येतात, आणि आपल्या ओपीडीत गुडघेदुखीचे, पक्षाघाताचे, हाड मोडलेले येणारे बहुतेक जण याच वयाचे असतात.

हा प्रश्न माझ्यासारख्या एखाद्या हौशी माणसापुरता असता तर मी आपली एवढी जागा घेतली नसती. पण अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. तिच्यातल्या लष्कराच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या आरंभी सुरू झाले, आणि चार वर्षांची मुदत आता भरत आली आहे. त्यांच्यापैकी जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात राहतील. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन विशीतच घरी परततील. त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांना अजून मुलेच नाहीत, मग पाल्यांच्या सवलती घेऊन ते करणार काय? सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावागावांतून ही मुले गेली आहेत. त्यांच्यातल्या कोणाला फिजिओथेरपी, परिचर्या किंवा प्रयोगशाळेचे काम शिकावेसे वाटले, तर आज नियमपुस्तकात त्याच्यासाठी एकही ओळ नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी दहावीनंतर भरती होऊन बारावीचे प्रमाणपत्र सेवेत मिळवले असेल. त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र नसेल तर ‘नीट’चे दारही बंद. हे तीन विषय मुक्त विद्यालयातून पुन्हा देता येतात, त्याला कमाल वयाची अट नाही, ही माहिती तरी बाहेर पडताना त्यांच्या हातात कोणी ठेवावी. बाहेर पडताना मला मिळालेली माहिती सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्यांची होती.

त्या पत्रलेखकांची भीती रास्त आहे, की अशी सवलत दिली तर तरुण मुलांच्या जागा कमी होतील. त्यावर उपाय आपल्या प्रवेशपद्धतीत आधीपासून आहे. इतर काही गटांसाठी जशा अधिसंख्य जागा असतात, तशी प्रत्येक महाविद्यालयात मंजूर क्षमतेव्यतिरिक्त एकच जागा माजी सैनिक आणि मुदत पूर्ण केलेले अग्निवीर यांच्यासाठी ठेवली, तर कोणाचीही जागा जात नाही. ‘नीट’मधली पात्रता सर्वांना असेल तीच असावी. शिष्यवृत्तीच्या बाबतीत एका कुटुंबात ती एकदाच, स्वतःसाठी किंवा पाल्यासाठी, असा विकल्प ठेवावा. तसा विकल्प असता तरी मी तो मुलीसाठी राखून ठेवला असता, पण ज्यांना मूल नाही किंवा ज्यांची मुले शिकून मोकळी झाली आहेत, त्यांना तो उपयोगी पडेल.

शिक्षणात सूट द्यावी, असे मात्र मी म्हणणार नाही. नर्सिंग असिस्टंट म्हणून मी हजारो पट्ट्या बांधल्या म्हणून मला शरीररचनाशास्त्र माफ करावे, असे कोणी सुचवले तर मी विरोध करीन; तो उशीचा प्रसंग माझ्या लक्षात आहे. प्रथमोपचार, रुग्णाला उचलण्या-वळवण्याची पद्धत, वॉर्डातली स्वच्छता असे काही भाग, परीक्षा घेऊन, उत्तीर्ण झाल्यास पुन्हा न करण्याची मुभा असावी, एवढे पुरे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आंतरवासिता वर्षभराची होऊन पदवी पाच वर्षांची झाली आहे. शिक्षणाच्या दृष्टीने ते चांगलेच आहे, पण घर चालवणाऱ्या माणसाला आणखी सहा महिने म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्यालाच कळते. त्या वर्षातला काही काळ आपल्या जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयात काढण्याची परवानगी प्रौढ विद्यार्थ्यांना मिळाली, तर त्यांचे भाडे वाचेल आणि जिल्ह्याला हातही मिळतील.

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटी फिजिओथेरपिस्टचे पद असते आणि भरतीच्या जाहिरातीत माजी सैनिकांना प्राधान्य, असे लिहिलेले असते. एका हाताने हे प्राधान्य देणाऱ्या व्यवस्थेने दुसऱ्या हाताने ते शिक्षण घेण्याची वाट मोकळी ठेवावी, असे सुचवणे फार झाले असे मला वाटत नाही. येत्या प्रवेशप्रक्रियेची नियमावली अजून निघायची आहे. तिच्यात ‘माजी सैनिकांचे पाल्य’ असे जेथे जेथे आहे, तेथे ‘माजी सैनिक, मुदत पूर्ण केलेले अग्निवीर किंवा त्यांचे पाल्य’ असे शब्द घालावेत आणि त्या रकान्याखाली ‘स्वतः’ असा एक चौकोन वाढवावा.

आपला विश्वासू,
एक माजी सैनिक, फिजिओथेरपी तृतीय वर्ष
ता. खटाव, जि. सातारा